वैराग्य की नैराश्य?

सत्तरी ओलांडलेले आजोबा. पहाटे पूजा, मग वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, संध्याकाळी देवळातले भजन आणि रात्री नातवाबरोबर बुद्धिबळाचा एक डाव, हा वर्षानुवर्षांचा दिनक्रम. आजी गेल्यानंतरच्या वर्षभरात यातले एकेक सुटत गेले. आधी बुद्धिबळ, मग वर्तमानपत्र, मग भजन. जेवण अर्ध्या पोळीवर आले. कोणी विचारले तर उत्तर एकच, "आता कशात मन राहिले नाही." आल्यागेल्याला सून आदराने सांगते, "बाबा अगदी विरक्त झालेत हो. कशाचाच मोह राहिला नाही." पाहुणे हात जोडतात.

असे घर महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात सापडेल, आणि पाहुणे हात जोडतात नेमक्या त्याच वेळी एक आजार नजरेतून निसटत असतो. 'भारतातील वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास' म्हणजेच 'लासी' या देशव्यापी पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तिच्या केंद्रस्थानी होती. या पाहणीत प्रमाणित प्रश्नावली वापरून तपासले तेव्हा साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्याच्या आजाराची लक्षणे आढळली. आणि डॉक्टरांनी आपल्याला नैराश्याचे निदान केले आहे, असे सांगणारे होते ०.८ टक्के. म्हणजे दहातल्या नऊ जणांच्या आजाराला नावच मिळालेले नव्हते. घरात मात्र त्याला काही ना काही नाव असतेच. वय झाले, स्वभाव बदलला, आणि श्रद्धाळू घर असेल तर वैराग्य आले.

हा गोंधळ होतो कारण दोन्हींची भाषा एक आहे. 'मन कशात गुंतत नाही' हे वाक्य साधकाच्या तोंडी असते तसेच रुग्णाच्याही. पण साधक ज्याला अनासक्ती म्हणतो ती गोष्ट मानसशास्त्राने तपासून पाहिलेली आहे, आणि तिचे रूप या आजोबांच्या अवस्थेपेक्षा फार वेगळे आहे. नमिता पांडे आणि आर. के. नायडू या भारतीय मानसशास्त्रज्ञांनी गीतेतील अनासक्तीच्या कल्पनेवरून एक मोजपट्टी तयार केली आणि १९९२ मध्ये तिचा आरोग्याशी असलेला संबंध मांडला. अनासक्तीचे गुण जास्त असलेल्यांच्या आयुष्यात ताणाचे प्रसंग येत नव्हते असे नाही. त्या प्रसंगांचा त्रास त्यांना कमी होत होता आणि शरीर-मनाच्या तक्रारीही कमी होत्या. त्यांच्या व्याख्येतली अनासक्ती म्हणजे लक्ष फळावरून काढून कामावर ठेवणे. काम सोडून देणे तिच्यात बसत नाही.

आपल्या परंपरेलाही हे चांगले ठाऊक आहे. गांधीजींनी गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादाला 'अनासक्तियोग' असे नाव दिले. हे पुस्तक प्रसिद्ध झाले १२ मार्च १९३० रोजी, आणि त्याच दिवशी त्याचा कर्ता साबरमतीहून दांडीला पायी निघाला होता. सावता माळी अरणच्या मळ्यात राबत राहिले. तुकोबांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे सगळे सांगतात. पण त्याआधी धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्यांनी वेगळी काढून त्याच्या हाती दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली, असेही परंपरा सांगते. वैराग्य स्वतःच्या हक्कापुरते. दुसऱ्याच्या संसाराचा हिशेब तेव्हाही नीट लागलेला. खरा विरक्त माणूस घरातल्यांना नकोसा होत नाही, उलट त्याच्याजवळ बसावेसे वाटते, हा अनेकांचा अनुभव असेल.

भक्तीचा शरीरावर होणारा परिणामही आता बराच उलगडला आहे. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा पण सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला साधारण सहावर आली. रक्तदाबात दर दहा सेकंदांच्या आसपास होणारा एक नैसर्गिक चढउतार असतो. श्वास त्याच्या तालात आला की रक्तदाब सांभाळणारी मज्जासंस्थेची यंत्रणा अधिक तत्पर होते. धर्म दोन, भाषा दोन, श्वास मात्र एकच. संध्याकाळी दिवा लावून संथ चालीत हरिपाठ म्हणणाऱ्यांनी कधी घड्याळ लावून आपले श्वास मोजून पाहावेत.

दुसरा पुरावा प्रयागच्या माघ मेळ्यातला. कडाक्याच्या थंडीत, लाउडस्पीकरच्या गोंगाटात, जमिनीवर झोपून महिनाभर कल्पवास करणाऱ्या ४१६ यात्रेकरूंची तुलना संशोधकांनी मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांशी केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एवढे हाल सोसूनही परतलेल्या यात्रेकरूंचे स्वास्थ्य सुधारलेले दिसले. आळंदी ते पंढरपूर चालून आलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटणार नाही. इतरांबरोबर चालणे, इतरांबरोबर म्हणणे, आपण कोणाचे तरी आहोत ही खात्री, यांचा त्यात मोठा वाटा असावा.

अर्थात या पुराव्याला मर्यादा आहेत. भक्ती आणि आरोग्य यांवरील बहुतेक अभ्यासांत एक अडचण कायम असते. ज्याचे गुडघे चालतात तोच देवळाच्या पायऱ्या चढतो. तेव्हा भजनाला जाणारा निरोगी का, की निरोगी म्हणून भजनाला जातो, हे दर वेळी सांगता येत नाही. आणि हाच धागा त्या आजोबांपाशी परत आणतो. त्यांनी बुद्धिबळ सोडले, ते एक वेळ समजून घेता येईल. पण त्यांनी भजन सोडले आहे.

घरच्यांनी इथे थांबून पाहायला हवे. वैराग्यात संसारातला रस कमी होतो आणि जपात, कीर्तनात, नामस्मरणात वाढतो. नैराश्यात सगळाच रस आटतो, देवासकट. माळ हातात असते, बोटे फिरत नाहीत. विरक्त माणूस कमी जेवतो, पण जे जेवतो ते चवीने. नैराश्यात तोंडाची चवच जाते, वजन उतरते, धोतर दोन बोटे आत खोचावे लागते. पहाटे तीनला जाग येणे तर अनेक घरांत साधनेची खूण मानली जाते. साधनेसाठी उठणारा लवकर झोपलेला असतो आणि ताजातवाना उठतो. नैराश्याचा रुग्ण अंधारात आढ्याकडे पाहत पडून राहतो, आणि दिवसातली सर्वांत जड वेळ बहुधा तीच असते.

जोडीदार गेल्याचे दुःख हा आजार नव्हे. ते लाटांसारखे येते, ओसरते, मध्येच एखाद्या आठवणीने हसूही येते. लाटा थांबून नुसता चिखल उरला, दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटते आहे किंवा कशातच गोडी वाटत नाही, एवढे दोन प्रश्न विचारले तरी डॉक्टरांकडे जायचे की नाही ते बऱ्याच अंशी ठरते. म्हातारपणी तर पुष्कळदा उदासी शब्दांत येतच नाही. पाठ दुखते, पोट साफ होत नाही, विसरायला होते, अशा तक्रारी पुढे येतात. थायरॉइडचा मंदपणा, शाकाहारी घरांत सर्रास आढळणारी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात हीसुद्धा माणसाला असेच निरिच्छ करून टाकते. त्यातल्या काहींचा छडा साध्या रक्ततपासणीत लागतो.

सर्वांत नाजूक खूण आहे अपराधी भावनेची. 'माझेच काही पाप असेल', 'देवाने मला टाकले', असे शब्द ऐकू आले तर ते नम्रतेचे समजू नयेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५५ वर्षांपुढील ५९६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. देवाने आपल्याला सोडून दिले की काय, अशा विचारांशी झगडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अधिक आढळला, आणि मूळ प्रकृतीतला फरक हिशेबात घेऊनही तो टिकून राहिला. देव आधार म्हणून सोबत असणे आणि देव न्यायाधीश म्हणून उरावर बसणे यांचे शरीरावर होणारे परिणाम सारखे नसतात. उदास भक्ताला 'तुमची श्रद्धा कमी पडते आहे' असे सांगणारे सल्लागार नेमका दुसराच देव त्याच्यापुढे उभा करतात.

'आता देवाने न्यावे' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. तृप्त माणूसही ते म्हणतो. पण त्याच्या जोडीने रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या असतील, पाणीही नको होत असेल, आवरासावर आणि निरवानिरव चालली असेल, तर सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारले म्हणून हलके वाटते. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १४४१६ या 'टेलि-मानस'च्या विनामूल्य क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते.

एक कटू गोष्ट बोलायलाच हवी. 'वैराग्य' हा शब्द घराला सोयीचाही असतो. काही न मागणारा, भूक न लागणारा, कोपऱ्यात शांत बसणारा म्हातारा माणूस सांभाळायला सोपा जातो. त्याला विरक्त म्हटले की दवाखान्याची फेरी वाचते आणि वर पुण्यही पदरी पडते. हे कोणी ठरवून करत नाही, पण घडते. म्हणून या बाबतीत घरापेक्षा भजनी मंडळ अधिक उपयोगी ठरू शकते. टाळ घेऊन रोज शेजारी बसणाऱ्याला कोण कधीपासून यायचा थांबला हे बरोबर ठाऊक असते. जागा महिनाभर रिकामी दिसली की चार जणांनी घरी जाऊन बसावे. कीर्तनकारांनी वर्षातून एका निरूपणात तरी विरक्ती आणि उदासी यांतला फरक सांगितला, तर एखाद्या आरोग्य शिबिरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. त्यांचा शब्द जिथे पोहोचतो तिथे डॉक्टरांचा पोहोचत नाही. डॉक्टरांनीही रुग्णाच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून नुसते हसून सोडू नये, पूर्वी किती जप होत असे आणि आता किती होतो हे विचारावे. निदानाला त्याची मदतच होते.

कारण उपचारांत भक्तीला जागा आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसू लागायला दोन ते चार आठवडे जातात, वृद्धांत कधी त्याहून अधिक. त्या मनाने बंद करायच्या नसतात. या काळात मानसोपचारतज्ज्ञ एक पद्धत वापरतात. मन लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी ठरलेले छोटे काम करायचे, गोडी मागून येते. ज्यांनी आयुष्यभर नित्यनेम पाळला त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. सकाळी गोळी, मग एक माळ, मग देवळापर्यंत चालत जाणे, तिथे नुसते बसले तरी चालेल. म्हणायलाच हवे असे नाही.

अशा घरांत सुधारणा दिसते ती मोठ्या आनंदाने जाहीर होत नाही. सहा-आठ आठवड्यांनी एका दुपारी आजोबा पान वाढून झाल्यावर मान वर करतात आणि म्हणतात, "आमटीत मीठ कमी पडलेय." संध्याकाळी भजनाहून परतल्यावर, तबलजी नको तिथे लय वाढवतो, अशीही कुरकूर ऐकू येते. आणि रात्री बुद्धिबळाचा पट काढला जातो.