आधी वाद्य लावा!

‘बोटे दुखतात रे!’ गिटार शिकू लागलेल्या मित्राचे हे रडगाणे आपल्या महाविद्यालयात कुणी ऐकलेले नाही? दोन महिन्यांत गिटार भिंतीला टेकते आणि ‘मला संगीताचे अंगच नाही’ असा निकाल तो स्वतःच देऊन मोकळा होतो. माझे म्हणणे असे, की अशा पुष्कळ निकालांत भलताच आरोपी धरला जातो. दोष बोटांचा नसतो, न लावलेल्या वाद्याचा असतो.

स्वस्त गिटारीच्या तारा बहुधा उंचच असतात. उंच तार निदान खडखडत नाही! त्या आपल्या हाताजोग्या खाली आणायच्या असतात, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. रामवाडीहून एस.टी.ने पनवेलला जाऊन मी गिटार आणली, तेव्हा दुकानदाराने पिशवी दिली, पट्टा दिला. हे एक वाक्य तेवढे दिले नाही.

बाराव्या पट्टीपाशी तार किती उंच आहे ते मोजून पाहा. पोलादी तारांच्या गिटारीला दोन-अडीच मिलिमीटर पुरतात. चार भरले तर बोटे सोलणारच. शिवाय तार दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. मग खुंट्या कितीही पिळा, मोकळी तार सुरात आणि दाबलेली बेसूर! पारख सोपी आहे. बाराव्या पट्टीच्या नेमक्या वर तारेला बोट नुसते टेकवून छेडा, मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही वेळा स्वर एकच यायला हवा. मोबाईलवरचे यंत्र मोकळी तार जुळवून देईल. तार खाली आणून देणार नाही.

आपल्याकडे त्यात पावसाची भर. खाडीकाठच्या आपल्या पेण तालुक्यात घराची दारे श्रावणात चौकटीत अडकतात, तशीच गिटारही दमट हवा पिऊन पोटाशी फुगते, घोडी वर उचलली जाते. सहा पोलादी तारांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास असतो. तो सोसावा म्हणून मानेच्या आत लोखंडी सळई घालतात. मान फार वाकली असेल तर आधी सळईची चावी फिरवावी, तीही एका वेळी पाव फेराच. (नायलॉनच्या तारांच्या गिटारीत ही सळई बहुधा नसते, शोधत बसू नये.) मग घोडीवरची पट्टी काढून खालच्या अंगाने काचपेपरवर घासावी. ती एक मिलिमीटर घासली, की बाराव्या पट्टीपाशी तार अर्धा मिलिमीटर उतरते.

‘हे परदेशी वाद्याचे नखरे!’ असे कुणी म्हणेल. त्याने मिरजेला जाऊन यावे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांची घराणी तिथे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी काढणे म्हणजे तरी काय? घोडीचा माथा कानसेने इतका हलका उतरता करायचा, की तार त्याला जेमतेम शिवत राहील. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत न्यायचा. एका जागी आवाज अचानक फुलतो, तीच त्याची जागा. बारीक सूर जुळवायला घोडीखालचे मणी. गिटारीत आपण जी खडखड टाळतो, तिचीच सख्खी बहीण तंबोऱ्यात मुद्दाम बोलावून आणतात. दोन्हीकडे कारभार केसभर अंतराचा. म्हणून चांगला गवई जवारी काढणाऱ्याला कारागीर म्हणून दूर ठेवत नाही. शेजारी बसून स्वतः ऐकतो.

आमच्याकडे मात्र स्नेहसंमेलन जवळ आले की नवे वाद्य घेण्याची चर्चा होते, आणि खोलीतला तंबोरा गवसणीतच राहतो. आमच्या सांस्कृतिक मंडळाला माझी सूचना अशी, की यंदा नवी गिटार घेऊ नका. तारांचे दोन संच, एक चावी, एक बारीक कानस आणि एक पोलादी फूटपट्टी घ्या. पाऊस परतला की ऑक्टोबरातली एक दुपार राखून ठेवा, ज्याने त्याने आपापले वाद्य घेऊन यावे. तंबोऱ्यासाठी जाणकार बोलवावा लागेल. त्याची कानस आपल्या हाती शोभणार नाही. गिटारींचे मी पाहीन.