मारणारी कोण? आई?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी दर शनिवारी बी. ए.च्या मुलामुलींचा निबंधवर्ग घेते. मी मराठीची प्राध्यापक नव्हे. एम. एस. डब्ल्यू. केलं आणि कौटुंबिक सल्ला केंद्रात कामाला लागले. राष्ट्रीय सेवा योजनेचे सर म्हणाले, "ताई, सामाजिक प्रश्नांवर पोरांकडून काही लिहून घ्या," म्हणून जायला लागले. विषय नेहमीचेच : हुंडा, बालविवाह, आरक्षण, स्त्रीभ्रूणहत्या. पन्नास वह्या एकटीनं तपासणं झेपेना, तेव्हा वह्यांची अदलाबदल करून एकमेकांचे निबंध सुधारायला सांगितले. सुरुवात अशी आळसातून झाली, हे कबूल करते.

पहिल्या महिन्यात सगळेच मास्तर झाले. लाल बॉलपेन घेऊन ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायच्या आणि खाली 'छान' लिहायचं. त्यात एक वही माझ्या हाती आली. एका मुलीनं आपल्या मावशीबद्दल लिहिलं होतं. मावशीचं लग्न ठरवलं तेव्हाचं तिचं वाक्य होतं, "मला इचारलं का कुणी?" वही तपासणाऱ्या मैत्रिणीनं ते खोडून वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'तिचे मत विचारात घेतले गेले नाही.'

मैत्रिणींनो, ही दोन वाक्यं एकदा मोठ्यानं वाचून पाहा. पहिल्यात एक बाई भांडते आहे. दुसऱ्यात बाईही नाही आणि न विचारणारेही नाहीत. भाषा शुद्ध झाली, पण तक्रार पार पुसली गेली. आमच्या केंद्रात येणाऱ्या पोलीस पंचनाम्यांची आणि सरकारी अहवालांची भाषा अशीच असते. 'विवाहितेस मारहाण झाली.' पाऊस झाला तशी मारहाण झाली! कुणी केली ते वाक्याच्या बाहेर.

त्या दिवसापासून लाल पेन बंद केलं. आता नियम असा आहे : हातात पेन्सिल, काहीही खोडायचं नाही, समासात फक्त प्रश्न लिहायचे, आणि प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. लिहिणाऱ्यानं उत्तर द्यायचं, मगच पुढचा खर्डा.

यातून काय निघतं त्याचं एक उदाहरण सविस्तर सांगते. 'स्त्रीभ्रूणहत्या : एक सामाजिक समस्या' हा निबंध आमच्याकडे दरवर्षी येतो, कारण जिल्ह्याला तो डाग लागलेला आहे. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात 894 मुली होत्या, आणि बीडमध्ये 807. हे आकडे मुलांना पाठ असतात. निबंधही पाठ असतो. 'आजच्या विज्ञानयुगात' अशी सुरुवात, मध्ये जिजाऊ आणि सावित्रीबाई, शेवटी 'आई, मला मारू नकोस' अशी गर्भाची आर्त हाक. एका मुलीनं हेच लिहिलं होतं. तिची वही ज्याच्याकडे गेली तो ऊसतोड कामगाराचा मुलगा, वर्गात कधी न बोलणारा. त्यानं समासात एवढंच लिहिलं, "मारणारी कोण? आई?"

मुलगी चिडली. दुसऱ्या शनिवारी मात्र चार ओळी जास्त होत्या. तिच्या चुलतीला नेलं होतं, ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. समासात पुन्हा पेन्सिल : "कुणी नेलं?" तिसऱ्या खर्ड्यात उत्तर आलं. सासरा जीपमध्ये पुढे बसला होता. चुलती मागे, दोन बायकांच्या मध्ये. परत आली त्या रात्री तिलाच भाकरी थापायला लावल्या.

तेव्हा मी त्यांना कायदा सांगितला. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानावर बंदी 1988 सालीच आणली, देशाचा कायदा 1994 चा. त्या कायद्यात असं गृहीत धरलं आहे की उलट सिद्ध होईपर्यंत गरोदर बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी सक्तीच केली होती. म्हणजे संसदेनंही त्या मुलासारखाच प्रश्न विचारला होता. आपल्या चळवळीतल्या अनेकजणी 'भ्रूणहत्या' हा शब्द टाळून 'गर्भलिंगनिवड' म्हणतात ते याचसाठी. हत्या म्हटलं की गर्भपात करून घेणारी प्रत्येक बाई खुनी ठरते. गर्भपाताला तर 1971 पासून कायद्याची अटींसह मान्यता आहे, आणि सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. तरी आमच्याकडे येणाऱ्या बायका सांगतात, दवाखान्यात आधी विचारतात, "मालक कुठायत?" मुलीनं शेवटी शीर्षक बदललं. मी बदलायला लावलं असतं तर ते परीक्षेपुरतं राहिलं असतं.

या पद्धतीवर आक्षेप आहेत. एक प्राध्यापक म्हणाले, "आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवायची." कार्यकर्त्या मैत्रिणींचा आक्षेप वेगळा : अशा वर्गात मुलगे आपलंच घोडं पुढे दामटणार. दामटतात. सासरच्या छळावरच्या निबंधात 'खोट्या केसेसचं काय?' हा प्रश्न हमखास येतो. तो खोडून टाकावा असं मलाही वाटायचं. आता वाटत नाही. हा प्रश्न आला तेव्हा निबंधवाली मुलगी माझ्याबरोबर केंद्रात चार दिवस बसली. एका बाईची साधी तक्रार लिहून घेण्यासाठी ठाण्यात किती खेपा होतात, ते तिनं तारखा टाकून लिहिलं. प्रश्न विचारणाऱ्याचं मत पालटलं की नाही मला माहीत नाही. तिच्या निबंधातलं 'स्त्री ही अबला आहे' मात्र गेलं, त्या जागी तारखा आल्या. वक्तृत्वस्पर्धेत चिठ्ठी उचलून अनुकूल-प्रतिकूल बोलणाऱ्या मुलांना कुणापुढे जबाबदार राहावं लागत नाही. इथे समोरच्या बाकावर वाचणारा बसलेला असतो.

पण तोच बाक धोक्याचाही आहे, आणि ही चूक माझीच. पहिल्याच वर्षी एकीनं बहिणीच्या सोळाव्या वर्षी झालेल्या लग्नाबद्दल लिहिलं. मी न पाहता वही तिच्याच गावच्या मुलीकडे दिली. चार दिवसांत गोष्ट बहिणीच्या सासरी पोचली. बहिणीनं मार खाल्ला. मुलगी तीन आठवडे कॉलेजला आली नाही. मी घरी गेले तेव्हा तिची आई दारातच म्हणाली, "ताई, तुमचा निबंध झाला, पण आमचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'मोकळं लिहा' असं दुसऱ्याच्या लेकीला सांगणं फार सोपं असतं.

आता जोड्या लावताना मी गाव, भावकी, जात सगळं बघते. नाव बदलून लिहायची मुभा आहे, न लिहायचीही आहे. वह्या वर्गाबाहेर जात नाहीत, माझ्या कपाटात राहतात.

1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. तो वर्गात वाचला तेव्हा त्या अबोल मुलानं विचारलं, "ताई, ती वही कुणी तपासली असंल?" मी त्याला म्हटलं, हा प्रश्न समासात लिही.

ती तीन आठवडे न आलेली मुलगी पुढे परत आली. शेवटच्या वर्षापर्यंत तिनं फक्त दुसऱ्यांच्या वह्या वाचल्या. प्रश्न फार नेमके विचारायची. स्वतःचं एक अक्षर लिहिलं नाही, आणि मी मागितलंही नाही.