शुगरची गोळी सुरू झाली आणि लघवी वाढली? गोळी बंद करण्याआधी हे समजून घ्या

समजा, कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींना डॉक्टरांनी शुगरची नवी गोळी लिहून दिली. चार दिवसांत लघवीला जाणं वाढलं. गाळा सोडून सारखं उठायचं कसं? मग त्या आधी पाणी कमी करतात आणि नंतर गोळीच बंद करतात. डॉक्टरांना मात्र काहीच सांगत नाहीत, कारण हा विषय काढायलाच लाज वाटते.

हे उदाहरण काल्पनिक असलं, तरी अडचण खरी आहे. गेल्या काही वर्षांत ती जास्त घरांपर्यंत पोहोचली आहे आणि त्याला एक कारण आहे.

आत्ताच ही चर्चा का?

'एम्पाग्लिफ्लोझिन' या मधुमेहाच्या औषधाचं भारतातलं पेटंट ११ मार्च २०२५ ला संपलं. त्याआधी एक गोळी साधारण ६० रुपयांना पडायची. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी हेच औषध बाजारात आणलं आणि काहींची गोळी १० रुपयांच्या आत मिळू लागली. याच गटातलं 'डापाग्लिफ्लोझिन' २०२० पासूनच स्वस्त झालं होतं.

'आयसीएमआर'च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या रुग्णांच्या देशात औषध स्वस्त होणं ही चांगलीच बातमी. पण या गोळीचा एक ठरलेला परिणाम म्हणजे लघवी वाढणं, आणि तो रुग्णाला आधी सांगितलेला असतोच असं नाही.

गोळी नेमकं काय करते?

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक पाणी आणि जवळपास सगळी साखर शरीर परत ओढून घेतं. ही गोळी साखर परत ओढणारा मुख्य दरवाजा बंद करते. त्यामुळे दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर पडते. साखर आपल्याबरोबर पाणीही नेते, म्हणून लघवी वाढते. बहुतेकांमध्ये ही वाढ दिवसाला एखाद-दोन ग्लासांएवढी असते आणि सुरुवातीच्या दिवसांत जास्त जाणवते.

लघवी वाढली म्हणजे किडनी खराब होत चालली, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ही औषधं किडनी आणि हृदय जपण्यासाठीही दिली जातात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गोळी सुरू असताना लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच. तो रिपोर्ट बघून घाबरू नका, पण लॅबमध्ये आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

फक्त शुगरच्याच गोळीने असं होतं का?

नाही. बीपी आणि हृदयाच्या रुग्णांना दिली जाणारी 'पाणी काढणारी' गोळी, म्हणजे फ्युरोसेमाईड किंवा टोरसेमाईड, यासाठीच असते. फ्युरोसेमाईडचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. म्हणून ती बहुतेक वेळा सकाळी घ्यायला सांगतात. रात्री घेतली तर झोपमोड ठरलेलीच. बीपीच्या अनेक मिश्र गोळ्यांमध्येही क्लोरथॅलिडोनसारखं पाणी काढणारं औषध असतं.

अॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. रात्री आडवं झाल्यावर ते पाणी रक्तात परततं आणि लघवीला उठावं लागतं. मानसिक आजारात दिल्या जाणाऱ्या लिथियममुळे किडनीची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होऊ शकते.

शिवाय प्रत्येक वेळी दोष औषधाचाच असतो असंही नाही. रक्तातली साखर खूप वाढली तरी लघवी वाढते. थोडी-थोडी पण सारखी लघवी होत असेल, तर लघवीचा जंतुसंसर्ग किंवा पुरुषांमध्ये प्रोस्टेटची वाढ हे कारण असू शकतं.

मग खरा धोका कशात आहे?

पाणी तोडण्यात. शरीरातून पाणी जास्त जात असताना पिणं कमी केलं, तर चक्कर येते, बीपी उतरतो आणि किडनीवर ताण येतो. लघवीत साखर असल्यामुळे गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होण्याचा धोकाही या गोळ्यांनी वाढतो, आणि तो महिलांमध्ये जास्त दिसतो.

कोल्हापूरकरांनी उपवासाबाबत विशेष काळजी घ्यायला हवी. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवसांचे कडक उपवास करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ही गोळी सुरू असताना पोट रिकामं ठेवलं आणि पाणीही कमी प्यायलं, तर रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. हा त्रास तसा क्वचित होतो. पण तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही, त्यामुळे तो लक्षात यायला उशीर होतो. उलट्या-जुलाब किंवा ठरलेलं ऑपरेशन असेल, तरीही ही गोळी काही दिवस थांबवावी लागते. ती कधी थांबवायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

स्वच्छतागृहाचा संबंध काय?

थेट आहे. मंडईतली विक्रेती, एसटीचा वाहक, कोल्हापूरहून पुण्याला चार-पाच तासांचा प्रवास करणारे आजोबा, यांच्यासाठी गोळी चालू राहणार की नाही हे जवळ स्वच्छ मुतारी आहे का, यावरही ठरतं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेने महिलांसाठी मोफत आणि सुरक्षित मुताऱ्यांची मागणी लावून धरली. ती मागणी सोयीची म्हणून बघितली गेली. औषधं चालू असलेल्या रुग्णासाठी मात्र तो उपचाराचाच भाग आहे. दहा रुपयांची गोळी घरात असूनही ती घेता येत नसेल, तर किंमत उतरल्याचा फायदा अर्धाच राहतो.

तुम्ही काय करू शकता?

- गोळी स्वतःहून बंद करू नका. वेळ, डोस किंवा औषध बदलता येतं का, हे डॉक्टरांना विचारा.
- तीन दिवस लघवी किती वेळा होते, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे लिहून न्या.
- पाणी किती प्यायचं हेही विचारा. हृदयाच्या काही रुग्णांना पाण्याची मर्यादा असते.
- चक्कर, ताप, लघवीला जळजळ, सतत उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागत असेल, तर लगेच दवाखाना गाठा.
- औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री क्रमांकावर कळवता येतो. रुग्ण स्वतःही फोन करू शकतो.

घरात कुणाची नवी गोळी सुरू झाली असेल, तर लघवीचा त्रास होतोय का, हे एकदा विचारून बघा. अनेक जण स्वतःहून सांगणार नाहीत.