टपालखात्याच्या पदरचा संगीतकार

टपालखाते संगीतकार घडवू शकते काय? प्रश्न थट्टेचा वाटेल; परंतु इंग्लंडमध्ये तसे घडले आहे. विसाव्या शतकातील इंग्लंडचे अग्रगण्य संगीतकार बेंजामिन ब्रिटन (१९१३-१९७६) यांनी १९३५ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, नोकरी धरली ती तेथील जनरल पोस्ट ऑफिसच्या चित्रपट विभागात.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेल्या या तरुणाच्या वाट्याला विषय आले ते राजाच्या रौप्यमहोत्सवी तिकिटाचे, कोळशाच्या खाणीचे आणि रात्रीच्या टपालगाडीचे. वादक मोजके, पैसा तुटपुंजा आणि संगीताची लांबी सेकंदांत ठरलेली. ‘कोल फेस’ (१९३५) या खाणकामगारांवरील अनुबोधपटात त्यांनी साखळ्या, सँडपेपर व शिट्ट्या यांनाच वाद्ये केले आणि त्यांना मानवी कंठांची जोड दिली. ‘नाइट मेल’ (१९३६) मध्ये लंडनहून स्कॉटलंडकडे धावणारी टपालगाडी आहे. कवी ऑडेन यांचे शब्द चाकांच्या ठेक्यावर म्हटले जातात. चढणीला लय जड होते, उताराला धावू लागते. सुमारे २४ मिनिटांच्या या पटात संगीताला जागा थोडीच, मुख्यत्वे अखेरची काही मिनिटे. आज हा पट ओळखला जातो तो याच मिनिटांमुळे!

रसिक मात्र ब्रिटन यांची थोरवी ‘पीटर ग्राइम्स’ (१९४५) या ऑपेरापासून मोजतात आणि आधीचे काम पोटापाण्याचे म्हणून बाजूला सारतात. हे न्याय्य नाही. पुढे ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१९५४) हा संपूर्ण ऑपेरा त्यांनी अवघ्या १३ वादकांवर पेलला. ‘नोयेज फ्लड’ (१९५८) मध्ये पावसाचे पहिले थेंब ऐकू येतात ते दोरीला टांगलेल्या चहाच्या पेल्यांतून, आणि ते वाजवतात शाळकरी मुले. ही काटकसर आणि हे धाडस संगीत विद्यालयात शिकवले जात नव्हते. श्रेय ब्रिटन यांच्या प्रतिभेचे खरेच. पण विभागप्रमुख जॉन ग्रिअर्सन यांचेही आहे. सरकारी प्रचारपटाला कसलेही संगीत चालेल, असे त्यांनी मानले नाही.

आपल्याकडेही शासनाचा असा विभाग होता. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेले फिल्म्स डिव्हिजन मुख्य चित्रपटाआधीच्या अनुबोधपटांमुळे घरोघरी ठाऊक होते. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य विष्णुदास शिराळी आणि बासरीवादक विजय राघव राव यांच्यासारख्यांनी तेथे संगीत दिले. धरणे, शेती, लसीकरण यांवरच्या त्या पटांना प्रेक्षक कंटाळत, हे खरे. पण त्या कंटाळ्यामागे वाजणाऱ्या बासरीकडे किती जणांचे लक्ष गेले? ते संगीत चित्रांपासून वेगळे काढून, संगीतकार आणि वादकांच्या नावांनिशी, आकाशवाणीने आठवड्यातून अर्धा तास ऐकवावयास काय हरकत आहे?