घाटमाथ्यावरचा पियानो

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाल्यावर लोणावळ्यास हवापालटासाठी येणाऱ्या सधन मंडळींची वर्दळ वाढली व बंगले उठले. परंतु या बंगल्यांतील पियानो या जिनसास मावळचा वर्षाकाळ कधीच मानवला नाही. सुमारे सव्वादोनशे पोलादी तारांचा कित्येक टनांचा ताण लोखंडी चौकटीवर तोलून धरणारे हे वाद्य दमट हवेत फुगते, त्याच्या नादफलकाचे लाकूड उचलले जाऊन सूर चढतात व पट्ट्या अडखळू लागतात, आणि हिवाळ्यात ते सूर पुन्हा उतरतात.

हवेखेरीज दुसरी तक्रार अशी, की पियानोवर मींड (स्वरावरून स्वरावर अखंड सरकणे) निघत नाही; हा आमच्या गवयांचा आक्षेप रास्तच आहे. तथापि ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या केशवराव भोळ्यांनी मराठी गाण्याच्या साथीस हेच वाद्य घेतले, यातच त्या आक्षेपाची मर्यादाही दिसते. शिवाय दोन्ही हातांनी परस्परभिन्न चलन एकाच वेळी राखणे, डोळ्यांनी पुढील ओळ वाचणे आणि कानांनी मागील स्वराचा हिशेब घेणे, ही त्रिविध एकाग्रता ज्या मुलास बालवयात साधते, त्यास पुढे ख्याल शिकावयाचा असला तरी ती शिदोरी वाया जात नाही. (परीक्षांच्या प्रशस्तिपत्रांसाठीच शिकविणाऱ्या पालकांस मात्र आमचा दुरूनच नमस्कार!)

ज्यांच्या बंगल्यांत असा पियानो बंद पडून असेल, त्यांनी तो पावसाळी भिंतीपासून दूर हलवावा, दसऱ्यानंतर जाणकाराकडून सुरात लावून घ्यावा आणि शेजारच्या मुलांस त्यावर बसू द्यावे.