गोल... पण किती गोल?

थ्रीडी नव्याने शिकणाऱ्या कुणालाही विचारा, पहिला हट्ट एकच असतो. गोळा एकदम गुळगुळीत हवा! ब्लेंडर उघडायचं, शिफ्ट-ए दाबायचं, मेशमधून यूव्ही स्फीअर घ्यायचा. समोर येतो तो सगळ्या कडा दिसणारा, कागदी कंदिलासारखा गोळा. मग लगेच आकडे वाढवायला सुरुवात. ६४, १२८, २५६... "आता कसला सही दिसतोय!" दिसतोय बॉस, पण बिल कोण भरणार?

कारण या मेशमध्ये खरं गोल असं काही नसतंच. असतात ते सपाट तुकडे. ब्लेंडर सुरुवातीला ३२ सेगमेंट्स आणि १६ रिंग्ज देतं. शाळेतला पृथ्वीगोल आठवा. सेगमेंट्स म्हणजे रेखांशांसारखे उभे काप, रिंग्ज म्हणजे आडवे पट्टे. ३२ गुणिले १६, झाले ५१२ तुकडे. दोन्ही आकडे दुप्पट केले की तुकडे चौपट. इथेच घोळ होतो.

आमच्या ऑफिसातली एक ज्युनियर, प्रोबेशनवर. दिवाळीच्या जाहिरातीसाठी तिने ३०० दिव्यांची माळ केली होती. प्रत्येक दिवा २५६ बाय १२८ चा गोळा, म्हणजे ३२,७६८ तुकडे. वर शिफ्ट-डीने कॉपी केलेला, त्यामुळे प्रत्येकाचा मेश वेगळा. एकूण ९८ लाख ३० हजार ४००! मशीनने हात टेकले. सोमवारी क्लायंट येणार आणि शुक्रवारी संध्याकाळी लीड सगळ्यांसमोर म्हणाला, "हिला थ्रीडीतून काढा, बॅनर करू दे." पोरगी रडवेली. तिला वाटत होतं नवीन लॅपटॉप घ्यावा लागणार, तोही हप्त्यावर.

मी तिला एवढंच विचारलं, फ्रेममध्ये एक दिवा किती मोठा दिसतो? जेमतेम मुगाएवढा. मग त्याला २५६ सेगमेंट्स कशाला?

आता गंमत अशी, की गोळा घेतल्यावर डाव्या कोपऱ्यात खाली जो छोटा पॅनेल येतो, त्यातच हे आकडे बदलता येतात. तो मिटलेला असेल तर तिथे क्लिक करा किंवा एफ-नाइन दाबा. पण पुढचं काही काम केलंत, साधा गोळा हलवलात तरी, ते आकडे गेले. (थ्रीडीएस मॅक्समध्ये एडिटेबल पॉली करेपर्यंत ते शाबूत राहतात. या बाबतीत मॅक्सवाले सुखी.) म्हणून आम्ही १२ बाय ६ चा एक नवा गोळा घेतला, सगळे दिवे सिलेक्ट केले, नवा गोळा शेवटी, आणि कंट्रोल-एलमधून त्याचा मेश सगळ्यांना जोडून टाकला. माळ जागची हलली नाही. दर दिव्याला ७२ तुकडे, ३०० चे २१,६००, आणि मेमरीत मेश एकच. पुढच्या वेळी सरळ ऑल्ट-डीने कॉपी करायची, हेही तिने वहीत लिहून घेतलं.

मग राइट क्लिक, शेड स्मूद. हा निव्वळ उजेडाचा खेळ आहे. तुकडे तेवढेच राहतात, फक्त प्रकाश सलग फिरतो. गोळ्याची बाहेरची कड मात्र कोनाकोनाचीच राहते, म्हणून क्लोज-अपमधल्या गोळ्याला खरे सेगमेंट्स द्यावेच लागतात. लांबच्या माळेत ती कड कोण बघतंय?

सोमवारी क्लायंट खूश. लीडने माळेबद्दल एक अक्षर काढलं नाही. आमच्या धंद्यात यालाच शाबासकी म्हणतात. ती अजून थ्रीडीतच आहे आणि जुन्याच लॅपटॉपवर आहे.

सध्या ती कॅरेक्टरचे डोळे करतेय आणि तिथे तिला यूव्ही स्फीअरची दुसरी खोड सापडली. वरच्या आणि खालच्या टोकाला सगळे तुकडे त्रिकोणी होऊन एका बिंदूत जमतात, तिथे टेक्स्चर चुण्या पडल्यासारखं दिसतं. ग्रह किंवा फुटबॉल करायचा तर हा वैताग. त्यापेक्षा साधा क्यूब घेऊन सबडिव्हाइड करायचा आणि टू स्फीअरने फुगवायचा, चौकोनी तुकडे सगळीकडे बऱ्यापैकी सारखे पसरतात. डोळ्यांसाठी मात्र हीच खोड कामाची. गोळा ९० अंशांत फिरवून टोक समोर आणलं की त्या बिंदूभोवती आयत्याच रिंग्ज मिळतात. आतल्या बाहुलीला, पुढच्या बुबुळाच्या रंगाला.