जवानाच्या देहावरील अलिखित हिशेब

नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे बहुतेकांना रेल्वेचे जंक्शन म्हणून ठाऊक आहे. याच गावी केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्रीय प्रशिक्षण महाविद्यालय आहे. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले तरुण येथे घडतात आणि पुढे बस्तरच्या अरण्यात, काश्मीरच्या खोऱ्यात किंवा ईशान्येच्या डोंगरांत देशाची अंतर्गत सुरक्षा सांभाळतात. भरतीच्या वेळी त्यांची उंची, छाती, दृष्टी काटेकोरपणे मोजली जाते. परंतु सेवा संपवून जवान घरी परततो, तेव्हा त्याने किती चकमकी पाहिल्या, किती स्फोटांचे हादरे सोसले, कोणकोणता विषारी धूर छातीत घेतला, याचा सलग हिशेब त्याच्या हाती नसतो. हा हिशेब ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्याची सुरुवात मुदखेडसारख्या प्रशिक्षण केंद्रातच व्हावयास हवी.

६ एप्रिल २०१० रोजी दंतेवाडा जिल्ह्यातील ताडमेटला येथे नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जवान धारातीर्थी पडले. त्यांपैकी ७५ केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. २४ एप्रिल २०१७ रोजी सुकमा जिल्ह्यातील बुरकापाल येथे आणखी २५ जवान कामी आले. हुतात्म्यांची संख्या देशाला कळते. मात्र अशा प्रत्येक प्रसंगातून जे जिवंत परततात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या अंगावर ओरखडाही दिसत नाही. भूसुरुंगाच्या दाबलहरीने मेंदूला झालेली इजा बाहेरून दिसत नाही. गोळीबार मैदानावर वर्षानुवर्षे सराव करताना शरीरात जाणारे शिसे दिसत नाही. जमाव पांगविताना पुनःपुन्हा अंगावर येणारा अश्रुधूर, छावणीतील जनरेटरचा आणि उघड्यावर जाळलेल्या कचऱ्याचा धूर, यांचेही तसेच.

दलात दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. ‘शेप’ या पद्धतीत मनःस्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच अंगांनी जवानाची श्रेणी ठरते. पद्धत चांगली आहे. पण ती आजची प्रकृती सांगते. ती प्रकृती कशामुळे घडली, हे त्यातून उमगत नाही. ऐकू कमी येते ही नोंद होते. त्यामागे किती स्फोट होते, याची होत नाही.

हे मोजता येते का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेच्या अनुभवात आहे. १९८९ साली टेरेन्स कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या सात प्रश्नांची एक मोजपट्टी सिद्ध केली. धोक्याच्या गस्तीवर किती वेळा गेलात, शत्रूच्या माऱ्याखाली किती काळ होतात, वेढ्यात सापडलात का, तुकडीतील किती जण पडले, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून ० ते ४१ गुण दिले जातात. रसायनांच्या बाबतीत व्हिएतनामचे उदाहरण बोलके आहे. तेथे सात कोटी लिटरहून अधिक वनस्पतिनाशके फवारली गेली. प्रत्येक सैनिकावर किती विष पडले हे आता ठरविणे अशक्य, असे सरकारी यंत्रणा म्हणत राहिली. मात्र कोलंबिया विद्यापीठातील जीन स्टेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या फवारणीच्या जुन्या नोंदी तपासून ती मोजणी शक्य असल्याचे दाखवून दिले. नोंदी टिकल्या होत्या, म्हणून सत्य हाती लागले.

नोंद त्या त्या वेळीच का हवी, हेही अभ्यासाने स्पष्ट झाले आहे. १९९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या ५९ सैनिकांना एका महिन्याने आणि पुन्हा दोन वर्षांनी तेच प्रश्न विचारण्यात आले. त्यांपैकी ८८ टक्के जणांचे निदान एक तरी उत्तर बदलले होते. ही लबाडी नव्हे. मानवी स्मृतीचा तो स्वभाव आहे. त्याच युद्धानंतर इराकमधील खामिसिया येथे दारूगोळ्याचे कोठार उडविले गेले आणि त्यात सरीन हा विषारी वायू होता, हे अमेरिकी सरकारने १९९६ मध्ये मान्य केले. पुढे सुमारे एक लाख सैनिकांना संभाव्य बाधेची सूचना द्यावी लागली.

भारतात सेनादलांतील निवृत्तांना न्यायालयाने काहीसा आधार दिला. धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, की भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नव्हती, ती सेवेमुळेच जडली असे सर्वसाधारणपणे गृहीत धरावे; पुराव्याचा भार जवानावर टाकू नये. तो निर्णय सैन्याच्या निवृत्तिवेतन नियमांवर आधारलेला होता. केंद्रीय राखीव पोलीस दल गृह मंत्रालयाच्या अधीन असल्याने त्याचे नियम वेगळे आहेत. २०१२ साली या दलांतील निवृत्तांना ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी’ अशी ओळख मिळाली. मात्र ओळखीने व्याधीचे कारण सिद्ध होत नाही.

अशा नोंदींमुळे खोट्या दाव्यांना ऊत येईल, अशी शंका काही जण घेतात. वस्तुतः नोंद नसते तेथेच खऱ्याखोट्याची सरमिसळ होते. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. बढतीसाठी ‘शेप’ची पहिली श्रेणी लागते. त्यामुळे मनावरील ताण सांगितला तर बढती हुकेल, या भयाने जवान गप्प बसतो. म्हणूनच ही नोंद बढतीच्या कागदांपासून पूर्णतः अलग, वैद्यकीय गोपनीयतेत राहिली पाहिजे.

यासाठी फार मोठा खर्च नाही. प्रशिक्षणाच्या आरंभी रक्तातील शिसे आणि श्रवणशक्ती मोजावी. प्रत्येक मोहिमेनंतर महिन्याभराच्या आत छोटी प्रश्नावली भरून घ्यावी. स्फोटाच्या किती अंतरावर कोण होते, हे तुकडीच्या प्रमुखाने लिहावे. निवृत्तीच्या दिवशी या सर्वांची प्रत जवानाच्या हाती द्यावी.

हुतात्म्याच्या अंत्ययात्रेला गाव लोटते, आणि ते उचितच आहे. त्याच गल्लीत रात्री दचकून उठणारा, धाप लागलेला निवृत्त जवानही राहतो. आपल्या व्याधीचे कारण सिद्ध करण्यासाठी त्याला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, एवढी तजवीज राष्ट्राने त्याच्या पहिल्या कवायतीच्या दिवसापासून करावी.